उघडा रेडिओ आणि बांधलेले डोळे

लग्न होऊन मी ब्रह्मपुरीला आले तेव्हा बाजाराच्या रस्त्यावर आमचं एका खणाचं दुकान होतं. पुढे दुकान, मागे घर, आणि बाजूच्या पडवीत बॅटऱ्या भरायचं इंजिन. नवऱ्याचं नाव मी तेव्हाही घेत नव्हते, इथेही घेत नाही. हे नागपुरात रेडिओचं काम शिकून आले होते. गावागावांत सरकारनं रेडिओ दिले होते, पण वीज कुठेच नव्हती. ते रेडिओ मोटारीच्या बॅटरीवर चालत. बॅटरी उतरली की गावकरी ती कावडीत नाहीतर खाचरात, म्हणजे बैलगाडीत, घालून आमच्याकडे आणत, भरलेली घेऊन जात. रेडिओच बंद पडला तर तोही यायचा, धोतरात गुंडाळून, आजारी पोरासारखा.

माझं माहेर सावलीजवळचं, धानाच्या शेतीतलं. मी मराठी चौथी शिकलेली. यंत्रांचं मला काही कौतुक नव्हतं. पण दुकान आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये नुसता एक पडदा होता आणि हे कामाला बसले की स्वतःशीच बोलत. "आधी बॅटरी. मग वायर. मग फ्यूज." रोज तांदूळ निवडताना ते कानावर पडायचं. भजनातले शब्द न शिकता पाठ होतात, तसं मला ते पाठ झालं.

बॅटरी भरताना तिच्यातून वायू निघतो आणि तो ठिणगीनं पेट घेतो, हे यांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. पडवीत चूल पेटवायची नाही, बिडी ओढायची नाही. आधी इंजिन बंद करायचं, वारा खेळू द्यायचा, मगच बॅटरीचे चिमटे काढायचे. हा नियम यांचाच. बिडी ओढत पडवीत शिरलेल्या एका शेठला यांनी हाताला धरून रस्त्यावर नेऊन उभं केलं होतं.

माघातली गोष्ट. खळी उरकली होती, त्यामुळे गावांतून माणसं येत होती. इंजिन सकाळपासून कुरकुरत होतं. एकदा बंद केलं की पुन्हा सुरू व्हायला फार त्रास द्यायचं. बाहेर खाचर जुंपलेलं, गाडीवान घाई करत होता. यांनी इंजिन चालू ठेवूनच एका बॅटरीचा चिमटा ओढला.

मागच्या घरात मला मडकं फुटल्यासारखा आवाज आला. मग यांची हाक आली, "पाणी."

मी धावत गेले तर हे दोन्ही हात तोंडावर धरून भिंतीला टेकलेले. बॅटरीचं वरचं झाकण फुटून तेजाब तोंडावर उडालं होतं. मी यांना ओढत मागच्या अंगणात नेलं, रांजणापाशी बसवलं, हात बाजूला केले आणि उघड्या डोळ्यांत पाणी ओतत राहिले. रांजण संपला तेव्हा शेजारच्या चाचींनी त्यांच्याकडच्या घागरी आणल्या. चाचा पत्र्याचे डबे, कंदील, चाळण्या बनवायचे आणि भांड्यांना डाग लावून द्यायचे. आमच्या दोन घरांत नुसती एक कुडाची भिंत होती. चाचांनीच गाडीवानाला हाकललं आणि डॉक्टरांना बोलावून आणलं.

डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांवर पट्टी बांधली. "जे काही वाचलं ते पाण्यानं वाचलं," असं मला म्हणाले. किती वाचलं ते मात्र पट्टी सुटेपर्यंत सांगता येणार नव्हतं.

दुकान बंद झालं. हे बाजेवर बसून राहत. मी भात कालवून हातात घास द्यायची, तोही नको म्हणत. दुखतं का म्हणून विचारलं तर मान हलवत. एके दिवशी आपणच म्हणाले, "दुसऱ्या कोणाच्या चुकीनं झालं असतं तं बरं होतं." मी हातातला घास परत ताटात ठेवला. 

अशात धानोऱ्याकडून एक पाटील आले. जंगलातल्या एका गोंड गावाचे पाटील, वयस्क, उंच, खांद्यावर घोंगडी. गडचिरोलीपर्यंत बैलगाडीनं, पुढे मोटारीनं, मग वैनगंगेच्या उतारातून पायी, असा रेडिओ घेऊन आले होते. दार बंद दिसलं तरी परत फिरले नाहीत. ओट्यावर बसले. मी पाणी दिलं आणि काय झालं ते सांगितलं. त्यांनी ते ऐकलं, आत येऊन यांच्या बाजेजवळ उकिडवे बसले.

"जोहार, भाऊ."

"जोहार. कोण, धानोऱ्याचे पाटील?" यांनी आवाजावरून ओळखलं. "पाटील, आता मी काई करू शकत नाई. नागपूरले पाठवा लागन."

"नागपूरले गेला का परत येत नाई," पाटील म्हणाले. "कचेरीचे साहेब सांगून गेले, चालत नसन तं दुसऱ्या गावाले देतो. दुसरं गाव टपूनच बसलं आहे."

तो रेडिओ मिळवायला पाटलांनी कितीदा कचेरीच्या पायऱ्या झिजवल्या होत्या, हे यांना ठाऊक होतं. गावातल्या अर्ध्या लोकांना रेडिओवरची मराठी कळत नसे. एक जण ऐकून गोंडीत सांगायचा आणि बाकीचे त्यावर वाद घालायचे. पाटील म्हणाले की रेडिओ बंद पडल्यापासून माणसं दिवेलागणीला आपापल्या दारात बसतात, गोटुलासमोरच्या, गावाच्या बैठकीच्या घरासमोरच्या, आवारात कोणी येत नाही.

 माझ्या तोंडून निघून गेलं, "मी उघडून पाहू काय? तुमी सांगा, मी करतो."

"नाई."

"काऊन?"

"तुले काई झालं तं मले दिसणारसुदा नाई."

पाटील माझ्याकडे बघत होते. मला वाटलं, बाईमाणसानं यंत्राला हात लावायचा म्हणून नको म्हणतील. ते म्हणाले, "भाऊ, आमच्या बाया मोहाच्या झाडावर चढतेत. हे तं टेबलावरचं काम आहे."

"झाडावरून पडते ते दिसते, पाटील. याच्यातलं दिसत नाई." यांनी समजावून सांगितलं. रेडिओत बॅटरीची थोडी वीज जाते, पण आतला व्हायब्रेटर तिला झटके देऊन देऊन मोठी करतो. ती कंडेन्सरात साठते. बॅटरी काढली तरी ती तिथे बसून राहते, वाट पाहत. हात लावला की झोंबते, आणि दोन्ही हात लावले तर छातीतून जाते.

इतकं सांगितल्यावर मात्र हे स्वतःच थांबले. मी बघत होते. कितीतरी दिवसांनी यांच्या आवाजात जीव आला होता. मग म्हणाले, "जसं सांगीन तसंच करशीन?"

"करीन."

"आपल्या मनानं एक बोटही नाई."

"नाई."

आम्ही बाज उचलून दुकानात आणली. पाटलांनी एक बाजू धरली. हे बाजेवर बसले, मी यांच्या स्टुलावर, मध्ये टेबल. पहिल्यांदा यांनी मला अंगावरची चांदी काढायला लावली. गोट काढले, अंगठी काढली. मग म्हणाले, "गळ्यातलं?"

मी म्हटलं, "ते नाई काढत."

यंत्रावर वाकल्यावर मंगळसूत्र आत लोंबलं तर काय होईल ते मलाही कळत होतं.  हे म्हणाले, "मागं पाठीवर टाक आन् पदरानं बांध." तसं केलं. काचेच्या बांगड्या राहू दे म्हणाले. वीज काचेतून जात नाही, हे एक कारण. दुसरं कारण मला काम सुरू झाल्यावर कळलं. डावा हात कमरेशी पदरात खोचून ठेवायचा आणि एकाच हातानं काम करायचं, असं यांचं बजावणं होतं. बांगड्यांच्या आवाजावरून माझे हात कुठे आहेत ते यांना कळत होतं. डाव्या हाताची किणकिण झाली की हे लगेच म्हणायचे, "डावा."

आधी बॅटरी. आमच्याकडची भरलेली बॅटरी होती, तिचं पाणी काचेच्या नळीनं तपासलं. ठीक होतं. मग वायरी. एका वायरीचं रबर उंदरानं कुरतडलं होतं, पण आतली तार शाबूत होती. मी त्यावर कापडी पट्टी गुंडाळली. मग फ्यूज. फ्यूजची बारीक काचेची नळी असते, तिच्या जागी काहीतरी चकाकत होतं.

"चांदीचा कागद आहे," मी सांगितलं. "सिगरेटच्या पाकिटातला. गुंडाळून बसवला आहे. काळा पडला."

पाटील पुढे सरकले. "मीच बसवला, भाऊ. फ्यूज उडला होता. बाजारात एकानं सांगितलं, पन्नी लाव, चालते. लावली. मंग धूर निघाला."

मला वाटलं हे रागावतील. हे शांतपणे म्हणाले, "पाटील, कुत्रं भुंकते तवा कुत्र्याले मारत नाई ना आपण. कोण आलं ते पाह्यतो. फ्यूज उडला म्हंजे त्यानं सांगितलं का आत काई बिघडलं आहे. तुमी त्याचं तोंड बांधलं."

पाटील हसले नाहीत. "खरं आहे," एवढंच म्हणाले.

आता आत काय जळलं तो प्रश्न होता. धूर निघाला म्हणजे ट्रान्सफॉर्मर गेला असेल, अशी यांना भीती होती. तो ब्रह्मपुरीत मिळणं शक्य नव्हतं, चांद्यात, म्हणजे आताच्या चंद्रपुरातही नाही. मग त्या रेडिओचा उपयोग पाट म्हणून बसायलाच.

लाकडी पेटीतून आतला पत्र्याचा सांगाडा काढायचा होता. त्याआधी यांनी हात पुढे केला. "बॅटरीची वायर दे."

"काढली आहे."

"काढली असन. माझ्या हातात दे."

मी बॅटरीवरून सोडवलेल्या वायरीचं टोक यांच्या तळहातावर ठेवलं. यांनी मूठ मिटली. त्यानंतर दिवसभर तसंच चाललं. मी आत हात घालणार असेन तेव्हा वायरीचं टोक यांच्या मुठीत. रेडिओ सुरू करून बघायचा असेल तेव्हा मी दोन्ही हात मांडीवर ठेवून "हात बाहेर" म्हणायचं, मग हे मूठ उघडणार. पहिल्यांदा मला त्याचा राग आला. माझ्या शब्दावर विश्वास नाही का, असं वाटलं. दुपारपर्यंत वाटेनासं झालं. यांची मूठ मिटलेली दिसली की मी निर्धास्त आत हात घालायची.

कंडेन्सरात बसलेली वीज काढायला यांनी बांबूच्या कामटीला वीज हळूहळू जिरवणारा एक मोठा रेझिस्टन्स आणि तार बांधून ठेवली होती. तारेचं एक टोक पत्र्याला अडकवायचं आणि दुसरं कंडेन्सरला टेकवून धरायचं. मी टेकवलं. काहीच झालं नाही, ठिणगीसुद्धा नाही. "काई नाई यात," मी म्हटलं.

"नसन. तरी धर. मी म्हणीन तवा सोड."

यांनी मनात काहीतरी म्हटलं असावं, ओठ हलत होते. मग म्हणाले, "सोड."

माझी नात आता नागपुरात एका मोठ्या संगणकांच्या खोलीत काम करते. ते संगणक रात्रंदिवस चालू असतात आणि बिघडले की तिला बोलावतात. मागे तिनं सांगितलं की त्यांच्या यंत्रांना विजेच्या दोन-दोन वायरी असतात. एक काढली तरी दुसरीतून यंत्र जिवंत राहतं. नवीन मुलं एक काढतात आणि हात घालतात. म्हणून ती दोन्ही काढते, दिवे विझलेले बघते, थोडं थांबते, मनगटाला जमिनीशी जोडलेला पट्टा बांधते आणि मगच झाकण उघडते. एका वेळी एकच भाग बदलून बघते. तिला वाटलं हे मला काही कळणार नाही. मी विचारलं, "दोन्ही वायरींची टोकं डोळ्यांनी पाहतेस ना?" ती म्हणाली, "पाहते." मला बरं वाटलं.

तर तो सांगाडा मी उलटा करून टेबलावर ठेवला. आत तारांचं जाळं, रंगीत तुकडे, धूळ, आणि एका कोपऱ्यात कुंभारमाशीनं केलेलं मातीचं घर. मला काय बघायचं ते कळेना. काळं तर सगळंच दिसत होतं. मी वर्णन करायला लागले आणि मध्येच अडखळले. "हे गोल आहे, नाई, लांबट," असं काहीतरी. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. इतका वेळ मी मोठ्या हिमतीनं बसले होते आणि आता साध्या वस्तूला नाव देता येत नव्हतं.

हे म्हणाले, "राहू दे. उचलून माझ्या तोंडापाशी आन."

मी सांगाडा दोन्ही हातांनी उचलून यांच्या नाकाजवळ धरला. पट्टीखालचं तोंड पुढे आलं. यांनी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हुंगलं. परत मागे आले, परत हुंगलं. पाटील उठून उभे राहिले होते. 

"मेण," हे म्हणाले. "जळलेल्या मेणाचा वास आहे. वार्निशचा नाई."

"म्हंजे?"

"ट्रान्सफॉर्मर जळला असता तं वार्निशचा वास आला असता. हे कंडेन्सरातलं मेण आहे. व्हायब्रेटरच्या बाजूले पाहा, कागदी नळी असन. मेण गळलं असन."

होती. बोटाएवढी कागदी नळी, एका टोकातून मेण ओघळून खालच्या पत्र्यावर गोठलं होतं. मेणबत्तीसारखं. मी सांगितलं तेव्हा हे हसले. पट्टी बांधल्यानंतर पहिल्यांदाच.

तसाच कंडेन्सर हवा होता. हाताला लागेल तो घातला तर पुन्हा जळणार. याच बनावटीचा एक रेडिओ आमच्याकडे पडून होता. त्याची पेटी वाळवीनं खाल्ली होती आणि हे त्याचे सुटे भाग वापरायचे. त्यातला कंडेन्सर काढायला आणि इकडे जोडायला कथलाचा डाग लावावा लागणार होता. ते मला येत नव्हतं. कुडाच्या भिंतीतून मी चाचांना हाक मारली.

चाचा आपली सळई आणि शेगडी घेऊन आले. पण त्यांचं काम घागरी-डब्यांचं, मोठा हात. दोन तारांच्या मध्ये तांदळाएवढी जागा बघून त्यांनी मान हलवली. "बेटी, मैं लगाऊंगा तो सब एक हो जाएगा. तू लगा, मैं बताता हूं." पाटलांनी शेगडी दुकानाबाहेर ओट्यावर ठेवली. चाचांनी सळई किती तापली ते कसं ओळखायचं ते दाखवलं. माझा पहिला डाग वाटाण्यासारखा झाला. चाचांनी तो पुसून टाकायला लावला. दुसरा बरा झाला. बोट दोनदा भाजलं, ते मी सांगितलं नाही, पण यांना ऐकू गेलंच असेल.

मग खरा फ्यूज बसवला.  मी हात मांडीवर घेतले, म्हटलं, "हात बाहेर." यांनी मूठ उघडली, मी वायर बॅटरीला जोडली आणि पाटलांनी बटण फिरवलं. व्हायब्रेटर भुंग्यासारखा गुणगुणायला लागला. फ्यूज टिकला. पण आवाज नाही.

"वाल पेटले?" व्हॉल्वना, आतल्या काचेच्या दिव्यांना, हे वाल म्हणत.

"सगळे पेटले. एक नाई पेटला. डावीकडचा."

"बंद कर. वायर दे."

परत मूठ, परत कामटी. वाळवी लागलेल्या रेडिओतला तसाच व्हॉल्व काढून इकडे घातला. दुसरं काही हलवलं नाही. मला स्पीकरच्या वायरीपण बघाव्या वाटत होत्या, यांनी बघू दिल्या नाहीत. "दोन गोष्टी केल्या तं कशानं सुधरला ते कळन काय?"

या वेळी गुणगुण झाली, मग खरखर, मग लांबून एक बाई गाते आहे असं ऐकू आलं. पाटलांनी काटा थोडा सरकवला. आवाज जवळ आला. कोणतं गाणं होतं ते मला आठवत नाही. चाचा ओट्यावरून आत आले.  हे बाजेवर पाठ टेकून पडले आणि म्हणाले, "थोडा वेळ चालू दे. गरम झाल्यावर पाह्यजे, टिकते का नाई ते."

टिकला. पाटील त्या दिवशी आमच्याकडेच जेवले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी रेडिओ घोंगडीत बांधून निघाले. जाताना मला म्हणाले, "बाई, एकदा गावाले या. तुमाले कसं ऐकतेत ते दाखवतो." त्या उन्हाळ्यात आम्ही गेलो. आवारात माणसं बसली होती, एक जण बातम्या गोंडीत सांगत होता आणि एका म्हातारीनं त्याला मध्येच थांबवलं. तो काय म्हणाला आणि ती काय म्हणाली ते मला कळलं नाही, पण सगळे तिच्या बाजूचे दिसले.

यांची पट्टी निघाली तेव्हा एक डोळा वाचला होता. दुसऱ्यावर दुधासारखी साय कायमची राहिली. एका डोळ्यानं हे पुन्हा रेडिओच्या कामाला बसले आणि पूर्वीसारखंच काम करायला लागले. पण पडवीत पाय ठेवता येईना. बॅटरीचं बूच उघडल्याचा वास आला तरी हात थरथरायचे. मी वाट पाहिली, हळूहळू जाईल म्हणून. नाही गेलं. शेवटी एके दिवशी मीच म्हटलं, "बॅटऱ्या माझ्याकडं राहू द्या."

हे म्हणाले, "तुले भेव नाई लागत?"

"लागते. म्हणूनच इंजिन बंद केल्याबिगर हात नाई लावत."

तेव्हापासून पडवी माझी आणि दुकान यांचं. लोक बोलायचे, बायको इंजिन चालवते आणि नवरा सावलीत बसतो.  भीती आणि सावधपणा वेगळे, असं लोक सांगतात. मला ते तितकं वेगळं दिसलं नाही. यांच्यात ती थरथर होऊन राहिली, माझ्यात ती सवय झाली. दोघांनाही मडकं फुटल्यासारख्या त्या एकाच आवाजानं शिकवलं होतं.

इंजिन बंद केल्यावर वायू निघून जायला वेळ द्यावा लागतो. गिऱ्हाईक कितीही घाई करो, मी पडवीचं दार उघडून ओट्यावर येऊन बसायची. आतून हेही हातातलं काम ठेवून बाहेर येत. तेवढ्यात चहा होई. पोरांच्या शाळेचं, माझ्या भावाच्या लग्नाचं, पुढे घर बांधायचं की नाही त्याचं, असं आमच्या संसारातलं बरंचसं बोलणं त्या बसण्यातच झालं. गाडीवान बैलांच्या पाठीवर हात फिरवत उभे राहत, मग कंटाळून तेही ओट्यावर बसत, आणि मी त्यांच्यासाठी आणखी दोन कप चहा टाकायची.